टेम्पोभर भाकरी

निवृत्त झाल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "डॉक्टर, आमची गाय सारखी उलटती, गाभण का राहत न्हाई?" आणि दुसरा, कुठे पूर आल्याची बातमी टीव्हीवर लागली की, "डॉक्टर, आपण काय पाठवायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी गाय बघितल्याशिवाय देत नाही. दुसऱ्याचं मात्र कोणी विचारलं नाही तरी देतो, आणि तेही चढ्या आवाजात, अशी आमच्या घरच्यांची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. आवाज का चढतो, ते एकदा सविस्तर सांगावं म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नव्हे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत माझी सगळी नोकरी झाली ती पशुधन पर्यवेक्षक म्हणून. लस टोचणं, गाई भरवणं, गोऱ्हे खच्ची करणं, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणं, आणि मोठे डॉक्टर येईपर्यंत जनावराला नि त्याच्या मालकाला धीर देणं हे आमचं काम. पण खेड्यात पायात गमबूट आणि हातात बॅग दिसली की माणूस आपोआप डॉक्टर होतो. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. पुढे तीही सोडून दिली.

पूरग्रस्तांच्या मदतीचं काम माझ्या नोकरीत कुठेच बसत नव्हतं. ते मला चिकटलं शिनोलीच्या वरच्या अंगाला, नव्वदच्या दशकात. त्या पावसाळ्यात तिकडचा एक ओढा पात्र सोडून वस्तीत शिरला. माणसं कडेला चढली म्हणून वाचली, पण शेरडं वाहून गेली, कणग्यांतलं धान्य भिजलं. घोडेगावच्या मंडळींनी कपडे आणि तांदूळ गोळा केले, आणि उरलेल्या शेळ्या बघायला म्हणून मलाही जीपमध्ये कोंबलं. वस्तीवर गठुडी सोडली तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांत टाय होते. एकाच पायाचा बूट होता. नाचाच्या कार्यक्रमातला मुलींचा चमचमता झगा होता. आणि एक नवरदेवाचा कोट होता, जांभळा, छातीवर सोनेरी वेलबुट्टी असलेला.

भातलावणीचे दिवस होते. संध्याकाळी परत निघालो तर एक म्हातारा तोच कोट अंगात घालून गुडघाभर चिखलात भाताचं आवण लावत होता. आमच्यातल्या एकाने गंमतीने विचारलं, "काय बाबा, कसाय कोट?"

"लई गरम हाय, राव," म्हातारा म्हणाला. "देनाऱ्याचं भलं व्हवो."

जीपमध्ये सगळे हसले. मीही हसलो, पण घाट उतरेपर्यंत ते हसू टिकलं नाही. पावसात कुडकुडणाऱ्या माणसाला आपण काय दिलं, तर कपाटात अडचण करणारी वस्तू. त्याने ती कामाला लावली हा त्याचा मोठेपणा. तेव्हापासून गठुडं बांधण्याआधी मी ते सोडून बघायला लागलो, आणि त्यामुळे बऱ्याच लोकांशी माझे संबंध बिघडले.

पुढे ओतूरला घर केलं आणि या कामात पुरता अडकलो. बाहेरच्यांना वाटतं, मदत गोळा करणं म्हणजे चार घरं फिरून हात पसरणं. तसं नसतं. आमच्याकडे बाजारच्या दिवशी चौघांनी चादरीची चार टोकं धरायची आणि पेठेतून फिरायचं. डबा फिरवला तर माणूस मूठ झाकून काहीतरी टाकतो आणि सुटतो. चादर उघडी असते. व्याह्याने काय टाकलं ते मागून येणाऱ्या व्याह्याला दिसतं, आणि मग त्याचा हात खिशात जरा खोल जातो. कांदेवाले कांदे टाकायचे, एखादी म्हातारी पदराची गाठ सोडायची. चादर जड झाली की खांदे भरून यायचे, पण थांबायचं नाही, कारण थांबलं की लोक चहा प्यायला पांगतात.

नमुनेही भेटायचे. एका बड्या व्यापाऱ्याने पेंडीची पोती दिली, अगदी मनापासून दिली, पण त्याला पोतं देतानाचा फोटो हवा होता. तोही आमच्यासोबत नको. "डॉक्टर," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "एखादा पूरग्रस्त मिळंल का फोटोपुरता? तुमी तिकडनं एक आणा, जाया-यायाचं भाडं मी देतो." मी म्हणालो, शेठ, सध्या ते जरा कामात आहेत. त्याला ते पटलंसुद्धा.

असं हे हसत, चिडत चाललं होतं. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्यातलं हसणं संपलं.

त्या वर्षी कृष्णाकाठ बुडाला. टीव्हीवर सारखं तेच दाखवत होते. घरांची कौलं तेवढी पाण्यावर, कौलांवर माणसं, आणि सगळीकडे तपकिरी पाणी. आमच्या आळीतल्या बायका आमच्याच घरी टीव्ही बघायला जमलेल्या होत्या. मग माझी पत्नी कुसुम एकदम उठली आणि म्हणाली, "बघत काय बसलाय? त्यास्नी चूल तरी पेटवता येती का? आपून भाकरी करू."

आमच्याकडे गावात सप्ताह बसला की घरटी भाकरी असते. ज्या घराला जेवढ्या नेमून दिल्या तेवढ्या त्या घरातून वेळेवर येणार. आजारपण असो, सुतक असो, तर शेजारीण थापून देईल, पण आकडा चुकायचा नाही. त्यामुळे देवळाच्या कर्ण्यावरून एकदा पुकारलं, तेवढं पुरलं. पहाटे सगळ्या गावावर धूर होता. पोरी पीठ मळत होत्या, सुना थापत होत्या, सासवा चुलीपुढून हलत नव्हत्या. बोरी बुद्रुकहून बैलगाडीत भाकरी आली. धुतलेल्या धोतरांत भाकऱ्या चवडीने रचून गाठोडी बांधली. टेम्पो भरला, वरून ताडपत्री आवळली, आणि पोरांनी नारळ फोडला. कुसुमच्या बोटांची टोकं भाजून लाल झाली होती. ती बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवून ती ओट्यावर बसली होती, आणि मी इतक्या वर्षांत तिला एवढी समाधानी क्वचितच पाहिली असेल.

टेम्पोमागून आमची दुसरी गाडी होती. ती जुन्नरच्या बशीरभाईंची मॅटाडोर. बशीरभाई बेकरीवाले. त्यांनी टोस्ट आणि खारीची पोती भरली होती, आणि त्यांच्या शेजारी मी, माझी औषधं आणि बर्फाच्या पेटीत घटसर्पाची लस. पूर ओसरला की जनावरांत घटसर्प येतो, गळा सुजतो, आणि जनावर एका दिवसात जातं. माझी सगळी तयारी त्या रोगाशी लढायची होती.

टेम्पो पुढे निघून गेला. आम्हाला सातारा सोडल्यावर अडवलं. पुलावर पाणी आलं होतं. टेम्पो पाणी चढायच्या आधी सुटला, आम्ही अलीकडे अडकलो. बशीरभाई सारखे म्हणत होते, "डॉक्टरसाब, अपनी भाकरी तो पहुंच गई होगी." मलाही त्याचंच बरं वाटत होतं. दोन रात्री तिथेच काढल्या. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि टेम्पो ज्या गावी गेला होता तिथे आम्ही दुपारच्या आत पोचलो.

गाव खाली पाण्यात होतं. माणसं वर माळावर होती. ताडपत्र्या, साड्यांचे आडोसे, मधे शाळेच्या दोन खोल्या. आमची गाडी दिसताच लोक धावत आले, पण टोस्टच्या पोत्यांकडे कुणी फारसं बघेना. एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "खायाला लई आलंय बगा. चारी दिशांनी भाकऱ्याच भाकऱ्या. पहाटेपास्नं आमची जित्राबं मात्र बसाय लागल्याती. तुमी जनावरांचं डॉक्टर का? मग देवच आलासा."

त्यांनी मला माळाच्या टोकाला नेलं. तिथे जे दिसलं ते मी अजून विसरू शकलेलो नाही.

गाई, म्हशी, बैल, सगळी मिळून एका कडेला. निम्मी आडवी. काहींनी मान पोटाशी वळवून घेतलेली, जशी व्याल्यावर दुग्धज्वर झालेली गाय वळवते. काही उभी होती ती दारू प्यायल्यासारखी झुलत होती. करकर असा आवाज सगळीकडून येत होता. जनावरं दात खात होती. वेदनेने खातात. पुरातून वाचून आलेली जनावरं. माणसांनी दावी कापून सोडलेली, काठ्यांनी हाकत माळावर आणलेली, आणि आता कोरड्या जमिनीवर मरत असलेली.

मला आधी घटसर्पच वाटला. एका गाईचा गळा दाबून पाहिला, सूज नाही. ताप बघितला, नाही. मग डाव्या कुशीवर मूठ दाबली, तर मळलेल्या पिठात दाबावी तशी मूठ आत गेली आणि खड्डा तसाच राहिला. तोंड उघडलं. आंबट भपकारा आला. शेण पाहिलं, पाण्यासारखं, पिवळट, त्यात न पचलेले कण. हा घटसर्प नव्हता.

हे काय असतं ते सांगतो. गाई-म्हशीच्या पोटात एक मोठा कप्पा असतो, आम्ही त्याला कोटीपोट म्हणतो. त्यात चारा सावकाश आंबतो आणि मग पचतो. ते पोट चाऱ्यासाठी आहे. रोजची एक भाकरी गाईपुढे धरली तर काही बिघडत नाही, आपल्याकडे सगळेच धरतात, पुण्य म्हणून धरतात. पण उपाशी जनावराला एकदम पोटभर धान्य किंवा भाकरी घातली, तर ती आत भराभर आंबते, पोटात आम्ल होतं, ते रक्तात उतरतं. पोट चालायचं थांबतं. जनावर पाणी पाणी करतं, बसतं, आणि मग उठत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन पडलेले बैल मी नोकरीत किती पाहिले होते. एका वेळी एक. असा माळ भरून कधी नाही.

"ह्यांना काय घातलं?" मी विचारलं.

गृहस्थांना प्रश्नाचं नवल वाटलं. "भाकरी घातली की. तीन रोज वैरणीची काडी न्हाई मिळाली, हंबरत हुती. माणसास्नी पाकिटं पाठवत्याती, जित्राबाला कोण पाठवतंय? आन भाकऱ्या तर ढिगानं आलेल्या, जरा वास माराय लागलेल्या. अन्न उकिरड्यावर कसं टाकायचं? काल रात्री सगळ्यांनी मिळून त्यांच्याम्होरं वतल्या."

बाजूलाच रिकामी धोतरं वाळत घातली होती, घडी करून परत द्यायला. एका टोकावर निळ्या दोऱ्याने आमच्या आळीच्या मंडळाचं नाव शिवलेलं होतं. ते नाव सप्ताहात भांडी-कपडे हरवू नयेत म्हणून कुसुमनेच शिवलेलं. मी बशीरभाईंकडे पाहिलं. त्यांनीही ते वाचलं होतं. ते टोक हातात धरून ते खाली बसले.

गरम भाकऱ्या चवडीने रचून ताडपत्रीखाली आवळल्या तर त्यांना घाम येतो हे कुठल्या बाईला माहीत नाही? पण सप्ताहाची भाकरी तासाभरात पंगतीत जाते. तीच रीत आम्ही कुठे लावली, तर पावसात, ताडपत्रीखाली, एक अख्खा दिवस आणि रात्र. शिवाय बाजरीची. कृष्णाकाठच्या माणसांना तिची सवय नाही, त्यात ती कडसर झालेली. तरी कुणी तोंडावर बोललं नव्हतं. उलट धोतरं धुऊन ठेवली होती.

रडायला वेळ नव्हता. आम्ल मारायला खायचा सोडा लागतो, तोही किलोंनी. माझ्या बॅगेत एक पुडा. मी म्हणालो, बशीरभाई, सोडा हवा. ते उठले. "बेकरीवाला बेकरीवाले को ना नहीं बोलता," म्हणाले आणि मॅटाडोर घेऊन पाणी न शिरलेल्या गावाच्या शोधात निघाले. तोवर मी काय करणार? चुन्याची निवळी आठवली. पण चुना कुठे? मग शाळेपुढे उभा राहून ओरडलो, "तंबाखू खाणाऱ्यांनी चुन्याच्या डब्या काढा!" लोकांना आधी वाटलं डॉक्टरचं डोकं फिरलं. पण खिशाखिशांतून डब्या निघाल्या, बायकांच्या कनवटीतूनही निघाल्या. बादलीत चुना कालवला, वरचं स्वच्छ पाणी गाळून बाटल्यांनी पाजायला सुरुवात केली. जी उभी राहू शकत होती त्यांना चालवत ठेवलं. शेजारच्या एका झापाच्या छपराचं पाचट उपसून थोडं थोडं पुढ्यात टाकलं. पाजायचं, चालवायचं, पुढच्याकडे जायचं.

तिथेच अनुसाबाई भेटल्या. साठीच्या असतील. नवरा कधीच गेलेला, मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला. त्या एका म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हशीचं नाव चंद्री.

"हिला आदी बगा," त्या म्हणाल्या. "पोटुशी हाय. दिस भरत आल्याती."

घर पडलं तेव्हा अनुसाबाई आत एकट्या होत्या. चंद्रीचं दावं सोडलं, तिची शेपटी धरली आणि म्हैस जाईल तिकडे वाहत गेल्या. म्हशीने पोहत पोहत त्यांना माळाच्या उताराला लावलं. हे सगळं त्यांनी मला मी नळकांड्याने निवळी पाजत असताना सांगितलं, म्हशीच्या कानाला हात लावत. "माज्याजवळ आता हीच ऱ्हायली बगा. व्याली म्हंजी दूध येईल, दुधावर झोपडं हुईल. ती ऱ्हायली तर मी ऱ्हायली."

मी विचारलं, "हिला किती भाकरी घातलीत?"

"दुसऱ्यास्नी कमी घातली आन हिला जादा. मागून घेतल्या मी लोकांकडनं. दोन जिवांची हाय न्हवं?"

मी मान खाली घातली आणि पाजत राहिलो. चंद्रीची अवस्था सगळ्यांत वाईट का, ते मला कळलं. डोळे आत गेले होते, कान गार पडले होते. मी तिच्यापाशी जास्त वेळ थांबलो, बाकीच्यांचा हक्क मारून थांबलो. पोट फाडून आतलं सगळं बाहेर काढता येतं, पण ते काम मोठ्या डॉक्टरांचं, आणि ते तालुक्याहून निघून पलीकडच्या काठाला अडकलेले. मी तिला पुन्हा पाजली, पोट चोळलं, चौघांनी बांबू घालून उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. दिवस मावळायच्या आत बशीरभाई सोड्याची पोती घेऊन आले तेव्हा चंद्रीने मान टाकली होती. पोटातलं रेडकू थोडा वेळ हललं. ते माझ्या हाताला लागलं. मग तेही थांबलं.

सोड्याने पुढे बरीच जनावरं उठली. सगळी नाही. त्या संध्याकाळी माळावर जे हंबरणं कमी झालं, ते का कमी झालं हे सगळ्यांना समजत होतं.

अनुसाबाई मांडीवरचं डोकं खाली ठेवत नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "कशानं गेली, डॉक्टर?"

खोटं बोलता आलं असतं. पुराचं पाणी प्यायली, रोग झाला, काहीही. पण उरलेल्या जनावरांसाठी ते सगळ्यांना सांगावंच लागणार होतं. म्हणालो, "भाकरीने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी मी चारली म्हनून."

"नाही हो. भाकरी आमची होती. आमच्या गावची. ताजी पाठवली, पण इथवर येईस्तोवर..." एवढी माणसं आजूबाजूला उभी असताना मी रडलो. बशीरभाई पाठीवर हात फिरवत राहिले.

अनुसाबाईंनी चंद्रीच्या डोळ्यांवरची माती पदराने पुसली. मग म्हणाल्या, "पोटभर खाऊन गेली ती. शेजारची दावणीलाच बुडून गेली, उपाशी." आणि थोड्या वेळाने, जवळ वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुमच्या गावच्या बायास्नी सांगू नगा हां. त्यांनी मायेनं थापल्या असत्याल. जल्मात फुडं भाकरी थापाय हात उचलायचा न्हाई त्यांचा."

जिची म्हैस आमच्या भाकरीने मेली ती बाई आमच्या बायकांची काळजी करत होती. मला धक्का बसला तो मेलेल्या जनावरांचा होताच, पण ह्या वाक्याचा त्याहून मोठा बसला. शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केलं असतं. मी मान हलवली. शब्द दिला.

रात्रीच त्याच पुलावरून परत निघालो. बशीरभाई एकदाच म्हणाले, "डॉक्टरसाब, मैंने तो टोस्ट दिए थे, फिर मेरा दिल क्यों बैठ रहा है?"

ओतूरला सकाळी पोचलो. देवळासमोर गाडी वळली. अंगणात पुन्हा चुली मांडलेल्या होत्या. भाकऱ्यांच्या चवडी धोतरांवर रचल्या जात होत्या. दुसरा टेम्पो उभा होता. कुसुम चुलीपुढून उठली, तोंडावरचा घाम पुसत आली. बाकीच्या बायकाही भोवती जमल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच.

"पुरल्या का वो भाकऱ्या?"

"पुरल्या," मी म्हणालो.

कुसुमचा चेहरा उजळला. "मला वाटलंच व्हतं कमी पडतीन म्हनून. या बारीला दुप्पट करतोय आमी. बोरीवाल्या बी दुप्पट देनार हाईत. दुपारी गाडी निघंल."

मी त्या चवडींकडे बघत उभा राहिलो. वाफ निघत होती. दुपारी त्यांवर ताडपत्री पडणार, उद्या माळावर पोचणार, आणि तिथे कुणाला अन्न टाकवणार नाही. काल ज्यांना पाजून उठवलं होतं ती जनावरं अजून उपाशीच होती. अनुसाबाईंना दिलेला शब्द पाळायचा म्हणजे ही गाडी जाऊ द्यायची. मग मी सगळं सांगितलं. माळ सांगितला, धोतरं सांगितली, चंद्री सांगितली. शेवटी अनुसाबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी ती उलटली नाही. एक पोरगी पिठाचे हात तसेच घेऊन बसून राहिली. मग एका म्हातारीने विचारलं, "मंजी... आमी मारली व्हय ती?"



कुसुमने वाकून चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. मग दुसऱ्या चुलीची ओढली. बायका एकेक करून उठल्या आणि आपापल्या चुली विझवल्या. रचलेल्या भाकऱ्या घराघरांत वाटून नेल्या, आणि ज्याने त्याने त्या स्वतःच्या ताटात संपवल्या. टेम्पोत कडबा भरला. पोरांनी मळ्यामळ्यांतून वैरण आणली, गोठ्यातला साठा रिकामा केला. बोरीहूनही भाकरीऐवजी पेंढ्या आल्या. कुसुम पेंढ्या बांधत होती. मी जवळ गेलो तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "तिनं येवढं येकच मागितलं व्हतं तुमच्याकडं."

"हो. पण मग ही गाडी..."

"ते कळतंय मला." तिने पेंढीची गाठ आवळली. "आता आमचं येक ऐका. आमाला कळलं, हे तिला कदी सांगू नका."

कडब्याच्या टेम्पोसोबत मी पुन्हा गेलो. माळावर लोक वैरण उतरवायला धावले. त्यांत अनुसाबाई होत्या. त्यांच्याकडे आता जनावर नव्हतं, पण डोक्यावर पेंढ्या घेऊन त्या दुसऱ्यांच्या जनावरांपुढे टाकत होत्या. गाडी रिकामी झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि हळूच विचारलं, "बायांनी काय इचारलं?"

"भाकऱ्या पुरल्या का, म्हणून विचारलं."

"मग? काय म्हनलासा?"

"पुरल्या म्हणालो."

"बरं केलंसा," अनुसाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.